बिऱ्हाड आणि बिसी



अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात डेडवुड नावाचं एक गाव आहे. तिथल्या ओढ्यात सोनं सापडलं आणि 1876 मध्ये दोन डोंगरांमधल्या अरुंद घळीत बघता बघता गाव उभं राहिलं. सोन्यामागे जे धावले त्यांत चिनी माणसंही होती. 4 जुलै 1888 या दिवशी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्या गावात आग विझवणाऱ्या पथकांची शर्यत झाली. ती चिनी पथकाने जिंकली. जॉन ग्रॅबिल या छायाचित्रकाराने त्या विजेत्यांचा फोटो काढला, तो आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. आता यातली मेख बघा. या शर्यतीच्या सहाच वर्षं आधी, 1882 मध्ये, चिनी मजुरांना देशात पाऊलच ठेवू द्यायचं नाही असा कायदा अमेरिकेने केला होता. तो 1943 पर्यंत टिकला. म्हणजे गाव टाळ्या वाजवत होतं आणि सरकारने दाराला कडी घातली होती.

भिवंडीत ना सोनं, ना खाण. मग हे डेडवुड इथे कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण एकाच धंद्यावर फुगलेलं गाव, लांबून आलेले मजूर, पोटासाठी आलेल्या त्या माणसांवर चालणारा सगळा कारभार आणि तरीही ‘बाहेरचे’ म्हणून त्यांच्याकडे बघायची सवय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. खाणीऐवजी साचे, म्हणजे विजेवरचे माग, म्हणा, झालं.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच उठून जाणाऱ्यांची पंचाईत व्हायची नाही. परमुलखातला माणूस गावात मिसळतो की नाही, हे त्याच्या धर्मावरून किंवा भाषेवरून ठरतं असं आपण धरून चालतो. माझ्या मते ते फार करून बिऱ्हाडावरून ठरतं. त्याला बायकापोरांना आणता आलं, खोली घेता आली, चूल मांडता आली, तर दोन पिढ्यांत तो गावचा होतो. नाहीतर तीस वर्षं राहूनही तो पाहुणाच.

चिन्यांचंच घ्या. ऑस्ट्रेलियात 1850 नंतर सोनं सापडलं आणि दक्षिण चीनमधून माणसं निघाली. 1855 मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीने बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक चिन्यावर 10 पौंडांचा कर बसवला. मग त्यांनी काय केलं? शेजारच्या वसाहतीत रोब नावाच्या बंदरावर उतरले आणि तिथून शेकडो किलोमीटर रानातून चालत बेंडिगो, बॅलरॅटच्या खाणींवर पोचले. 1861 मध्ये ऑस्ट्रेलियात चीनमध्ये जन्मलेले 38 हजारांवर लोक मोजले गेले. त्यांत बायका होत्या 11. अकरा हजार नव्हे, नुसत्या अकरा. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्समध्ये लॅम्बिंग फ्लॅटच्या खाणीवर गोऱ्या खाणवाल्यांनी चिन्यांच्या वस्तीवर चाल केली, तंबू जाळले, माणसं मारून हाकलली. अमेरिकेत 1875 च्या पेज कायद्याने चिनी बायकांचं येणं जवळजवळ बंदच केलं. आधी बायका येऊ द्यायच्या नाहीत, आणि मग म्हणायचं, हे लोक बघा, इथे मन रमवत नाहीत, पैसा साठवतात आणि घरी पाठवतात!

अशा गावांत चिनी माणसाने जुळवून घेतलं ते धंद्यात. चांगली खाण गोऱ्याकडे असायची, त्याने टाकलेली माती हा पुन्हा धुवायचा. तेही मिळालं नाही तर भाजीचे मळे, धोबीकाम, खाणावळ. पोशाख बदलला, मोडकी इंग्रजी आली, शर्यतीत धावला. पण मेल्यावर हाडं काही वर्षांनी उकरून चीनला पाठवायची ही व्यवस्था त्याने सोडली नाही. डेडवुडच्या माउंट मोरिया स्मशानात चिन्यांसाठी वेगळा भाग आहे. त्याला त्या मातीत राहायचं नव्हतं, कारण त्या मातीत त्याचं कुणी नव्हतं.

बेंडिगोत एक वेगळी गोष्ट घडली. तिथे ईस्टरला जत्रा भरते, ती इस्पितळ आणि निराधारांच्या आश्रमासाठी पैसे उभे करायला सुरू झाली. 1870 च्या दशकापासून चिनी लोक तिच्या मिरवणुकीत सामील व्हायला लागले, पुढे चीनहून भलामोठा ड्रॅगन मागवला गेला. येशूच्या सणाला चिनी ड्रॅगन, आणि पैसे गावच्या दवाखान्याला! आज त्या गावाचा ईस्टर ड्रॅगनशिवाय होत नाही. मिरवणुकीत कुणाला जागा मिळते आणि तिचा पैसा कशासाठी जातो, या दोन गोष्टी तुम्ही मनात ठेवा, भिवंडीत त्या पुन्हा येणार आहेत.

चिनी आपल्याकडेही होते. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर-मलाक्काकडचे चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात आणून ठेवले होते. 1864 मध्ये तो तुरुंग बंद झाला. साहेबांच्या बंगल्यांना लागणारा बटाटा, विलायती भाजी या कैद्यांनी तिथे पिकवली. आपण महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खातो, त्या बागायतीचा एक धागा बेड्यांपर्यंत जातो. आणि माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ, 1919 मध्ये स्थापन झालेलं सी यप कून नावाचं चिनी देऊळ आहे. सी यप म्हणजे कॅन्टनकडचे चार तालुके. कॅलिफोर्निया आणि बेंडिगोच्या खाणींवर गेलेली बहुसंख्य माणसं याच चार तालुक्यांची होती, मेलबर्नमध्येही याच नावाचं देऊळ आहे. रत्नागिरीच्या माणसाला मुंबईत ‘आमच्या तालुक्याचं मंडळ’ लागतं, तसंच हे. 1962 च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे 3 हजार चिन्यांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. बरेच नंतर देश सोडून गेले. माझगावचं देऊळ आहे, पण चिनी नववर्षाला तिथे येणारी घरं आता थोडी.

आता आपल्या गावाकडे येऊ.

कामवारी नदीच्या काठची भिवंडी हे खाडीचं जुनं बंदर. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली, तेव्हाही हे व्यापाराचं गाव होतं. इथले जुने रहिवासी आगरी, कोळी आणि कोकणी मुसलमान. भात, मीठ, लाकूड, मासळी यांवर चालणारी ही माणसं. कोकणी मुसलमानाची घरची बोली आणि आगऱ्याची बोली शेजारी ठेवली तर दोन्ही मराठीच्याच. पुढे 1857 च्या उठावानंतर अवध-पूर्वांचलकडचे मोमीन विणकर आग्रा रोडने दक्षिणेकडे उतरले. काही बुऱ्हाणपूरला थांबले, काही मालेगावला, काही मुंबईत मदनपुऱ्याला, काही इथे. येताना सगळं कुटुंब आणि हातातली कला घेऊन आले. हातमागावर नवरा विणतो, बायको कांड्या भरते, पोरगं सूत उलगडतं. कुटुंबाशिवाय तो धंदा चालतच नाही. म्हणून मोमीन इथे आले ते बिऱ्हाडासकट.

मालेगावच्या मोमिनांनी तर कमाल केली. पूर्वांचलचा विणकर, घरात उर्दू आणि भोजपुरी, आणि मागावर काढतो नऊवारी लुगडं! खानदेशातल्या, नगरकडच्या कितीतरी बायकांच्या अंगावर ते लुगडं होतं. गिऱ्हाईक बाईला काठ किती रुंद हवा, रंग कुठला हवा, हे कळल्याशिवाय ते विणता येत नाही. मराठी समाजाशी त्यांची ओळख झाली ती भाषेच्या आधी काठापदरातून.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बाहेरचे लोक भिवंडीबद्दल बोलताना ती हमखास विसरतात. मोमीन आले तेव्हा ते आगऱ्याला जेवढे परके होते, जवळजवळ तेवढेच कोकणी मुसलमानालाही. हे हनफी पंथाचे, ते शाफई पंथाचे. हे उत्तरेकडचे कारागीर, ते गावचे जमीनदार आणि व्यापारी. बोली वेगळी, जेवण वेगळं, सोयरीक तर दूरच. ‘मुसलमान’ म्हणून एकच गठ्ठा बांधणाऱ्याला हे गाव समजलेलंच नाही.

1930 च्या दशकात विजेवरचे माग आले आणि हातमागवाले बघता बघता कारखानदार झाले. सगळे नाही, पण पुष्कळ. साचे वाढले तशी चालवायला माणसं हवी झाली, आणि तेलंगणातून पद्मशाली आले. करीमनगर, वरंगल, नलगोंडा. त्यांचे भाऊबंद सोलापूरला आधीच स्थिरावले होते, त्यामुळे महाराष्ट्राची वाट त्यांना नवी नव्हती. ही मंडळीही जातिवंत विणकर आणि तीही कुटुंब घेऊन आली. म्हणून भिवंडीत पद्मानगर झालं. नुसती मजुरांची चाळ असती तर तिला कारखान्याचं नाव पडलं असतं, इथे वस्तीला समाजाचं नाव पडलं.

पद्मानगरात नवरात्राच्या दिवसांत संध्याकाळी फेरी मारा. बतुकम्मा असते. बायका फुलांचे थर रचून निमुळता मनोरा करतात, मध्ये ठेवतात आणि टाळ्या वाजवत भोवती फेर धरून गातात. तेलंगणात त्यात मानाचं फूल तंगेडूचं, म्हणजे आपला तरवड. तो माळरानाचा, कोकणच्या दमट हवेत फार नाही. म्हणून इथे झेंडू जास्त काम करतो. आता शेजारच्या मराठी बाईने हे पाहिलं तर तिला काय वाटेल? तिने लहानपणी भोंडला खेळलेला असतो, हत्तीभोवती फेर धरलेला असतो. तिला काही समजावून सांगावं लागत नाही, ती चप्पल काढते आणि फेरात शिरते. श्रावणी पौर्णिमेचं तसंच. तिकडे खाडीवर कोळी-आगरी नारळ सोडतात, इकडे पद्मशाली जानवं बदलतात, मार्कंडेय ऋषींचा उत्सव करतात. सोलापुरात त्या दिवशी मार्कंडेयाचा रथ निघतो. एकाच पौर्णिमेला दोन समाज, दोन वेगळ्या कारणांनी, नटूनथटून रस्त्यावर असतात. कुणी कुणाचं अनुकरण करत नाही, आणि अडचणही होत नाही.

त्या घरातलं पोर आईशी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, कारखान्यात भिवंडीची हिंदी. या गावात महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा माध्यमांच्या आहेत. पोराला कुठल्या शाळेत घालायचं हा प्रश्न बिऱ्हाडवाल्यालाच पडतो. एकट्या माणसाला कसली आली शाळा?

आणि गावही बदललं, हे विसरू नका. भिवंडीत साचे शुक्रवारी बंद असतात. तेलुगू विणकर, हिशेब ठेवणारा मराठी मेहता, मारवाडी सूतवाला, सगळ्यांची सुट्टी शुक्रवारची. मुलांच्या शाळेला रविवार आणि बापाला शुक्रवार, यावरून घराघरात कटकट असते, पण कुणी त्याचा धर्माचा प्रश्न केलेला नाही. कारखाना बंद तर बंद.

तिसरी लाट मात्र निराळी, आणि मला तिच्यावर थोडं थांबायचं आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरणीमालकांनी कापड कुठून मिळवलं? भिवंडीतून. साचे वाढले, नवे शेड झाले, आणि त्यांवर उभे राहिले ते गोरखपूर, आझमगढ, सिद्धार्थनगर, बिहार, पुढे ओडिशा-झारखंडचे तरुण. हे एकटे आले. कारण आता धंदा कुटुंबाचा राहिला नव्हता. एका माणसाने चार, सहा, आठ साचे बघायचे, कांडी संपली की बदलायची, तार तुटली की जोडायची, बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. खाडा झाला की पैसे नाहीत. यात बायकोला, पोराला जागाच नाही.

हा माणूस जेवतो बिसीत. बाहेरगावचे श्रोते असतील त्यांच्यासाठी सांगतो: बिसी म्हणजे साच्यांच्या वस्तीतली महिन्याच्या हिशेबाची खाणावळ. दहा बाय पंधराची खोली. भिंतीला टेकून ताटांची चळत, दाराशी पाण्याचा पिंप, चुलीवर डाळीचं पातेलं. पाळी सुटली की पंगती बसतात, एक उठली की दुसरी. पोरांच्या केसांवर, भुवयांवर सुताचे तंतू चिकटलेले. सगळे ओरडून बोलतात. नवख्याला वाटतं भांडण लागलं. भांडण नसतं, दिवसभर साच्यांच्या खडखडाटात कान बधिर झालेले असतात. आत कारखान्यात तर ते ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. जेवून हा पोरगा जातो शेडमध्ये किंवा वरच्या माळ्यावर, आणि ज्या वळकटीवरून रातपाळीवाला नुकता उठला त्याच वळकटीवर पडतो.

बिसीवाल्याकडे वही असते. कुणाचं किती थकलं, कुणाला गावी जायला उसने दिले, कुणाला ताप आला म्हणून तीन दिवस पेज दिली, सगळं त्यात. बँक, दवाखाना, पोस्ट, चौकी, सगळं एका वहीत. आणि म्हणूनच त्या पोराला बिसीच्या बाहेर यायची गरज पडत नाही. जेवण त्याच्या जिल्ह्याच्या चवीचं, बोलणं त्याच्या बोलीतलं, बातम्या त्याच्या गावच्या. मराठी शिकून तो करणार काय? कुणाशी बोलणार? डेडवुडच्या चिनी खाणावळीत नेमकं हेच चालायचं. ‘हे लोक मिसळत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांनी कधी त्या वळकटीकडे बघितलेलं नसतं.

आपण मराठी माणसांनी तरी ही तक्रार करू नये. सांगली, सातारा, रत्नागिरीचा चाकरमानी गिरणगावात असाच गाळ्यात पाळीपाळीने झोपला आणि खाणावळीत जेवला. त्याची बायको गावी मनिऑर्डरची वाट बघायची. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांना कर्ज मिळवून दिलं. आपल्या बिसीवाल्यांकडे अजून कुणाचं तसं लक्ष गेलेलं नाही.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही, आकडा आहे. 2011 च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या 7,09,665. पुरुष 4,15,339, स्त्रिया 2,94,326. दर हजार पुरुषांमागे 709 स्त्रिया. महाराष्ट्राचा आकडा तेव्हा 929 होता. शहराच्या जुन्या वस्त्यांत घरंदारं नांदती आहेत, तेव्हा ही सगळी तूट कुठे आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. या गावात लाखाच्या वर पुरुष असे आहेत ज्यांच्या जोडीची बाई इथे मोजलीच गेली नाही.

आता मिरवणुकीची गोष्ट. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून या गावात दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. 1984 मध्ये पुन्हा पेटली. त्या जखमा इथे बसलेल्या पुष्कळांच्या घरात आहेत, मी त्या उकरत नाही. नंतर 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. पुढाऱ्यांच्या शांतता समित्या आधीही होत्या, त्यांत फोटो काढले जायचे. यांनी गल्लीतला पानवाला, रिक्षावाला, कारखानदार, शिक्षक असे दोन्ही बाजूंचे लोक पोलिसांसमोर नियमित बसवले. 1992-93 मध्ये मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

या यशाचं श्रेय कमी न करता एक गोष्ट नोंदवतो. त्या कमिटीत बसला तो मोहल्ल्यात राहणारा माणूस. ज्याला दार होतं, शेजार होता, दंगल झाली तर जळेल असं काही होतं. बिसीतल्या पोराला मोहल्ला नव्हता. बेंडिगोच्या मिरवणुकीत चिन्यांना जागा मिळाली, कारण दवाखान्याच्या वर्गणीत त्यांचा वाटा होता. या गावाने तिसऱ्या लाटेकडून मजुरी घेतली, वर्गणीसुद्धा मागितली नाही.

2020 मध्ये काय झालं ते आठवा. टाळेबंदीत साचे थांबले, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली. त्याआधी आणि त्यानंतर नाशिककडच्या रस्त्याने चालत, ट्रकच्या टपावर बसून किती गेले त्याला गणती नाही. बिऱ्हाडवाले बरेचसे अडखळत का होईना, इथेच राहिले. उधारी देणारा दुकानदार होता, शेजारी होता. रेशनकार्ड तरी इथलं होतं. बिसी बंद पडली तशी बिसीतल्या माणसाची भिवंडीच संपली.

आता गोदामं आली आहेत. मानकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात शेतं गेली आणि शेड आले. तिथे माल उचलायला पुन्हा एकटी पोरंच येतात, आणि ती राहतात आपल्या आगरी बांधवांनी बांधलेल्या चाळींत. मी त्या भागात एका चाळमालकांना विचारलं, कुटुंबाला खोली का देत नाही? ते म्हणाले, ‘फॅमिली आली की पाणी जास्त लागतं, संडासावरनं भांडणं होतात, पोरं होतात. आठ पोरं ठेवली तर माणशी भाडं येतं.’ हिशेब चोख आहे. मी तिथे त्यांना उलट उत्तर देऊ शकलो नाही, आणि आजही त्यांच्या तोंडावर नैतिकतेचे धडे फेकणार नाही. पाणी खरंच कमी आहे.

पण समोर बसलेल्यांत चाळमालक बरेच आहेत, महापालिकेतली मंडळीही आहेत. कुटुंबाला खोली देणाऱ्या मालकाला घरपट्टीत सूट आणि पाण्याची जादा जोडणी देता येते का, एवढा साधा प्रश्न या सभागृहातून महापालिकेच्या सभागृहात नेता येईल. ठराव पुढच्या महिन्यात मांडायचा असेल तर मसुदा लिहायला मी बसतो.